आजीच्या सात वह्या : प्रकल्प नोंदी

२७ एप्रिल २०२५, रविवार

कामाला सुरुवात. आजीच्या पेटीतल्या वह्या स्कॅन करायच्या, जमेल तेवढ्या टंकून घ्यायच्या. मुदत ऑक्टोबरचा पहिला रविवार, म्हणजे आगेरा. नव्या भाताच्या लोंब्या देवळात आशीर्वादाला नेतात तो सण. त्या दिवशी गावठाणात जुन्या वस्तू मांडायचं चाललंय आणि एक टेबल माझ्या वाट्याला आलंय.

वह्या सापडल्या त्या गेल्या सोमवारी. ईस्टरच्या दुसऱ्याच दिवशी दुपारी पोप फ्रान्सिस गेल्याची बातमी टीव्हीवर आली. आजी म्हणाली, "बाय, पेटीतली काली साडी कार." आदल्या दिवशीची गुलाबी अजून दोरीवर वाळत होती. काळी साडी उचलली तर खाली वर्तमानपत्रात बांधलेला गठ्ठा. वर पांढऱ्या मोज्यांच्या तीन कोऱ्या जोड्या आणि प्लास्टिकच्या चार रोझऱ्या, म्हणजे जपमाळा. त्या कशासाठी हे मला विचारावं लागलं नाही. गावठाणात कोणी बाई गेली की रात्री-अपरात्री आजीला बोलावणं यायचं. अंग पुसणं, कपडे चढवणं, बोटांत रोझरी गुंफणं. घरात ऐन वेळी मोजे सापडत नाहीत, म्हणून तिचा साठा तयार.

मोजदाद : सात वह्या. पाच खतावणीसारख्या लांबट, लाल कापडी पाठीच्या. दोन शाळेच्या, दोनशे पानी. पहिलीची सुरुवात १९६१, सातवीचं शेवटचं लिहिलेलं पान मार्च २०२०.

आजी ८७ वर्षांची. मरोळ गावठाण, ईस्ट इंडियन. ऑफिसात हा शब्द सांगितला की लोकांना बंगाल-ओडिशा आठवतं, म्हणून एकदाच लिहून ठेवते : आम्ही इथलेच. साष्टी-मुंबईचे मराठी बोलणारे कॅथलिक. गोव्या-मंगळुराहून नोकरीसाठी येणाऱ्या ख्रिश्चनांपासून वेगळं दिसावं म्हणून १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, आमच्या पूर्वजांनी ईस्ट इंडिया कंपनीशी नातं सांगणारं हे नाव घेतलं. कंपनी तेव्हा उरलीही नव्हती. नाव मात्र आमच्या गळ्यात राहिलं.

३ मे, शनिवार

मांडणी : फोन स्टँडवर उलटा टांगलेला, दोन्ही बाजूंनी टेबललॅम्प, पान सपाट राहावं म्हणून जुन्या फोटोफ्रेमची काच. फाइलचं नाव वहीचा आकडा आणि पानाचा आकडा, बाकी काही नाही. कसर लागलीय, पण वरवरची. रंगाच्या मऊ ब्रशाने झटकली.

आजची चूक : काच जरा जोरात दाबली आणि दुसऱ्या वहीची पाठ कडकन मोडली. आजी आतल्या खोलीतून म्हणाली, "काय मोरलं?" मी म्हटलं, काही नाही. आता प्रायश्चित्ताची राख कपाळावर लावायला पुढचा उपवासकाळ येईपर्यंत थांबायला हवं.

पहिल्या वहीत हिशेब नाहीच, प्रार्थना आहेत. आणि त्या लॅटिन! देवनागरीत लिहिलेली लॅटिन. आजी मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकली. मिस्सा, म्हणजे देवळातली उपासना, तेव्हा लॅटिनमध्ये व्हायची. मग तिने कानावर पडलं तसं उतरवलं : "दोमिनुस वोबिस्कुम", त्याखाली "एत कुम स्पिरितु तुओ", आणि समासात पेन्सिलीने, "म्हंजे : तुज्याबी संगं". संतांच्या माळेत प्रत्येक नावापुढे "ओरा प्रो नोबिस" (आमच्यासाठी विनंती कर) पूर्ण लिहिण्याचा कंटाळा आला असावा; तिसऱ्या ओळीपासून नुसतं "ओ. प्रो. नो."

व्हॅटिकनची दुसरी परिषद १९६२ ते १९६५ अशी चालली आणि त्यानंतर मिस्सा लोकांच्या भाषेत आली. आमच्या देवळात मराठी ऐकल्यावर पहिल्यांदा काय वाटलं, असं तिला विचारलं. मला काहीतरी हृद्य उत्तर हवं होतं. ती म्हणाली, "पयले कोन चुकला त कलत नव्हतं. आता सगल्यांना कलतं."

११ मे, रविवार

स्कॅन ८६ पानं. गती बरी.

दुपारी आजी सीप्झच्या, म्हणजे अंधेरीतल्या निर्यात क्षेत्राच्या, आतल्या पडक्या देवळाबद्दल बोलत बसली. ते १५७९ चं, जेझुइटांनी बांधलेलं. १८४० च्या सुमारास रोगाची साथ आली, वस्ती उठली आणि देऊळ ओस पडलं. मरोळचं आताचं देऊळ त्या वस्तीचंच पुढचं घर. भिंती आता निर्यातीच्या कारखान्यांच्या कुंपणात आहेत. वर्षातून एकदा मे महिन्यात तिथे मिस्सा होते, तेव्हा गेटवर नोंद करून आत जायचं. आजी लहान असताना गेट नव्हतं, कुंपण नव्हतं, भाताच्या बांधांवरून चालत जायचं. साठच्या दशकात एमआयडीसी आली, शेतं गेली. हे सांगताना ती चिडत नाही. चिडतात ते आमचे बाबा.

२६ मे, सोमवार

आज मान्सून मुंबईत पोचला. मे संपायच्या आत! नोंदी ठेवायला लागल्यापासून इतक्या लवकर कधीच आला नव्हता म्हणतात. स्कॅनिंग बंद, कारण काम वेगळंच निघालं : गच्चीवर बाटली मसाल्याच्या मिरच्या.

मसाला एप्रिल-मेच्या कडक उन्हात करायचा ही आमच्याकडची रीत. मिरच्या, धणे, हळकुंडं, तीळ, खसखस, मोहरी, नागकेशर, तिरफळ, दगडफूल, जायपत्री, सगळं वाळवून, वेगवेगळं भाजून, कुटून तपकिरी बिअरच्या बाटल्यांत ठासून भरायचं. तपकिरी काचेतून उजेड कमी शिरतो, म्हणून रंग वर्षभर टिकतो. या वर्षी मे महिनाभर अधूनमधून पाऊसच. काश्मिरी मिरच्या चार दिवसांत तीनदा खाली आणल्या. शेवटी स्वयंपाकघरात पंख्याखाली पसरल्या आणि अख्खं घर शिंकतंय. आजी खुर्चीत बसून हुकूम सोडतेय, देठ मोडून दाखव, कट् आवाज आला तर वाळली. आला नाही. पुन्हा पसरा.

हे इथे लिहिण्याचं कारण : चौथ्या वहीत दरवर्षी मे महिन्यात एक ओळ आहे, "बा. १२ – थैली". कधी १२, कधी १५. बा. म्हणजे बाटल्या हे आज नाकाला कळलं. थैली म्हणजे काय ते अजून नाही.

८ जून, रविवार

आता खरं काम. दुसऱ्या वहीपासून सातवीपर्यंत हिशेबच आहे. रकाने पाच : तारीख, खूण, काय दिलं, पैसे, आणि शेवटच्या रकान्यात दोन बारीक टिचक्या, म्हणजे बरोबरच्या खुणा. नाव एकही नाही. नमुना :

"नि. दा. – तां ३, सा अर्धा, रॉ २."
"२ शेल्या – औषद. परत बुदवारी."
"मोडकी पायरी – तां ५. बाल झाला."

आजी पस्तीसेक वर्षं सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीत होती. ही संस्था फ्रेडरिक ओझानाम या विशीतल्या विद्यार्थ्याने मित्रांसोबत १८३३ मध्ये पॅरिसमध्ये सुरू केली, आणि कामाची मूळ पद्धत आजही तीच : आठवड्याला सभा, आणि गरजू घरी स्वतः जाऊन भेट. जायचं दोघांनी, एकट्याने कधीच नाही. म्हणून दोन टिचक्या. एक आजीची, एक तिच्या सोबतिणीची. ही सोबतीण आंटी आज ७६ वर्षांची आहे आणि अजून जाते. सोसायटीचं रजिस्टर वेगळं असतं. या वह्या आजीच्या खाजगी.

तां म्हणजे तांदूळ, सा साखर, रॉ रॉकेल. नि. दा. म्हणजे निळं दार. नावांऐवजी दारं, झाडं, जनावरं. मी मोठ्या उत्साहाने एक तक्ता करायला घेतला : खूण, संभाव्य घर, कुटुंब, सालं. जुना नकाशा मिळवून त्यावर टाचण्या लावल्या तर टेबलाचं आकर्षण होईल. आजीला दाखवला. तिने चष्मा लावला, तक्ता नीट वाचला, घडी केली आणि उशीखाली ठेवला. परत दिला नाही.

२६ जुलै, शनिवार

बरोबर वीस वर्षं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठी घरात आली. मिठी आमच्याजवळूनच वाहते. एरवी तिला कोणी नदी म्हणत नाही.

सहावी वही आज मुद्दाम घेतली. फुगलेली आहे, पानं पापडासारखी लहरी, खालच्या बाजूला चिखलाची रेघ. २७ जुलैच्या ओळीत खुणांच्या रकान्यात एकच शब्द : "सगले". पुढे "चा – १४ पातेली. पाव संपला. मेनबत्ती अल्तारवरच्याबी." पुढच्या पानापासून पुन्हा दारं आणि शेळ्या. निळं दार मात्र त्यानंतर कुठे येत नाही. वाहून गेलं, रंग बदलला, की माणसं गेली? आजीला विचारलं. ती रोझरीत होती, हाताने थांब म्हणाली. रोझरी झाल्यावर मी विसरले.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

मारियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण आणि स्वातंत्र्यदिन एकाच दिवशी. मिस्सा झाली की देवळाच्या आवारात झेंडा. आजीला व्हीलचेअरवर नेली. काम शून्य.

येताना तिने १९६४ ची गोष्ट पुन्हा सांगितली. डिसेंबरमध्ये पोप सहावे पॉल मुंबईत आले होते, युकॅरिस्टिक काँग्रेस या कॅथलिकांच्या जागतिक मेळाव्यासाठी, ओव्हल मैदानावर. आजी मोठ्या आत्याला काखेत घेऊन गेली होती. पोप दिसले का? "टोपी दिसली." पण तिला भावलेला भाग वेगळाच. जाताना पोपनी आपली पांढरी मोटार मदर तेरेसांना दिली, आणि मदरनी ती न वापरता सोडतीवर काढून पैसे उभे केले. आजी हे अजून कौतुकाने सांगते, पोपच्या नव्हे, मदरच्या.

२४ ऑगस्ट, रविवार

तिसरी वही, १९८४. इथे सावकाश लिहिते.

जून १९८४ पासून "भो." अशी एक खूण सुरू होते. दर आठवड्याला. "भो. – तां ५, रॉ ३." "भो. – पुस्तकं सावी." "भो. – फी." फेब्रुवारी १९८५ मध्ये ती थांबते. इतर घरांसारखंच घर, म्हणून मी पुढे सरकत होते. मग शेवटच्या रकान्याकडे लक्ष गेलं. प्रत्येक खुणेपुढे दोन टिचक्या. भो. पुढे सगळीकडे एकच, आणि तीही सोबतीण आंटीची. तिची टिचकी डावीकडे झुकते.

आधी वाटलं, आजी आजारी असेल. पण त्याच तारखांना बाकीच्या घरांपुढे तिची टिचकी आहे. मग या एकाच घरी ती का गेली नाही? भांडण? बाबांना फोन केला, भो. वरून मरोळमध्ये काय आठवतं म्हणून. ते म्हणाले, "भोकर. आपल्या मागच्या अंगणात होतं की. लोणचं घालायची आजी. मी सातवीत गेलो त्या वर्षी तोडलं." म्हणजे १९८४ मध्ये बाबा सहावीत.

आजोबांची कंपनी बंद पडल्याचं मी ऐकलं होतं, एखाद्या वाक्यात. त्या वाक्याला आठ महिने लागले होते हे ऐकलं नव्हतं.

संध्याकाळी वही घेऊन आजीजवळ बसले. ती तांदूळ निवडत होती. मी पान समोर धरलं आणि भो. वर बोट ठेवलं. तिने दोन खडे काढून बाजूला ठेवले.

"टिचकी एकच हाय," मी म्हटलं.

"मग दोन कश्या असतील? आपल्याच घरी कोन भेट द्याला जातं काय?"

मग थैली कळली. सभेच्या शेवटी कापडाची एक पिशवी फिरते. जो तो हात आत घालतो, मूठ सोडतो, हात काढतो, पिशवी पुढे. कोणी किती टाकलं ते कुणालाच दिसत नाही. संस्थेत ही रीत पहिल्यापासूनची. मला वाटत आलं होतं की जास्त देणाऱ्याने मिरवू नये म्हणून ती असावी. आजीने सुपातून हात उचलला, मूठ वळली, हवेत उघडली आणि रिकामा पंजा मला दाखवला. "त्या वर्साला मी असा घालायची. दर रयवारी. कोनाला कललं? कोनाला नाय."

सभेला जायचं तिने एकदाही टाळलं नाही. तारखा माझ्यासमोर आहेत.

८ सप्टेंबर, सोमवार

मोत माउलीचा (माउंट मेरीचा) सण. ऑफिसला अर्धी सुट्टी टाकून वांद्र्याला. डोंगरावर जत्रेचे मांडव अजून पुरते उभे नव्हते. आजीचं मागणं होतं माउलीला वाहायला मेणाचे गुडघे. हात, पाय, घर, बाळ, विमानसुद्धा मिळालं, गुडघे नाहीत. पाय घेतले. घरी येऊन सांगितलं तर म्हणाली, "चालतंय. माउली बघंल कुठं दुकतंय ते."

२० सप्टेंबर, शनिवार

टेबलावर काय ठेवायचं ते ठरवणं भाग आहे. वह्या चालू हालतीत आहेत, स्कॅन ९१२ पानं पूर्ण, पाठ मोडलेली वही शिवून आणली. (बाइंडरने विचारलं, किती जुनी? आजीपेक्षा लहान, म्हटलं.)

माझं म्हणणं असं होतं की लोकांनी बघायला हवं. पस्तीस वर्षं दर आठवड्याला, आणि एकही पावती नाही, एकही फोटो नाही. आजकाल दहा किलो तांदूळ द्यायला बारा जण उभे राहतात आणि घेणारी बाई मधोमध, मान खाली. ते सगळं मी जरा तावातावाने बोलले. आजीने शांतपणे विचारलं, "आनि तू काय करतेस?"

मी गप्प. तक्ता तिच्या उशीखालीच होता, तो तिने काढला. माझ्या अक्षरात : मोडकी पायरी, बरोबर तीन संभाव्य आडनावं. त्यातलं एक बरोबर होतं हे तिच्या चेहऱ्यावरून कळलं. त्या घरातला मुलगा आता गावठाणाच्या समितीवर आहे आणि आगेराच्या मांडवाचं भाडं तोच भरतोय. बाबांपेक्षा दोन वर्षांनी लहान.

"डाव्या हाताला कलू नाय म्हंतात," आजी म्हणाली, "आनि तू मोठ्ठ्या अक्षरात लिवतेस."

तक्ता फाडला. फोनमधली प्रत पुसली. दुसऱ्या ते सातव्या वहीचे स्कॅन एका पेनड्राइव्हवर घेतले आणि तो पेटीत, मोज्यांशेजारी. ८ जून आणि २६ जुलैच्या नोंदींत वर ज्या खुणा लिहिल्यात, त्याही बदलल्या आहेत. मूळ वहीत निळं दार नाही आणि पायरीही नाही.

"आनि भोकर?" मी विचारलं.

तिने जरा विचार केला. "ते लिव. ते माजं हाय."

५ ऑक्टोबर, रविवार

आगेरा. लोंब्या पालघरकडून आणाव्या लागतात, आमच्याकडे आता भात कुठे? मिरवणूक, बँड, लुगडी नेसलेल्या बायका, लहान पोरांच्या हातात ओंबीचे झुबके.

टेबलावर पहिली वही उघडी ठेवली, लॅटिनचं पान. शेजारी मसाल्याच्या दोन बाटल्या (मिरच्या पंख्याखाली वाळलेल्या, रंग थोडा फिका), तांदळाचं माप, आणि नुसती एक रिकामी कापडी थैली, खाली चिठ्ठी नाही. बहुतेकांनी थैलीकडे पाहिलंही नाही. सत्तरीच्या एक बाई थांबल्या, थैलीच्या तोंडात हात घातला, काढला आणि पुढे गेल्या. मी ओळख विचारली नाही.

लॅटिनच्या पानाशी तरुण फादर बराच वेळ होते. "ओ. प्रो. नो." वाचून मोठ्याने हसले.

२३ नोव्हेंबर, रविवार

प्रकल्प खरं तर संपलाय, पण नोंद करायला सांगितलंय म्हणून.

सोबतीण आंटीची जोडीदारीण मुलीकडे गेली, आणि एकटीने जायचं नसतं. आजीने माझ्याकडे पाहिलं. मी रविवारी मिस्सेला नियमाने जाणाऱ्यांतली नाही हे तिला माहीत आहे. तिने ते काढलं नाही. पिशवी माझ्या हातात, आंटी पुढे.

जुनी वस्ती आता एसआरएची, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसनाची, इमारत झालीय. लिफ्ट बंद. आंटी प्रत्येक मजल्यावर कठड्याला टेकून श्वास घेत होती आणि मला मात्र "दमलीस काय?" विचारत होती. वर एका दारावर थाप. पंधरा मिनिटं बसलो. चहा झाला, मुलाच्या परीक्षेबद्दल बोलणं झालं, आंटीने एक नमो मारिया म्हटली, त्या बाईंनी त्यांच्या पद्धतीने हात जोडले. पिशवी ओट्याखाली राहिली, तिच्याकडे कोणी पाहिलं नाही.

घरी आल्यावर आजीने सातवी वही पुढे केली. मार्च २०२० नंतरची पानं कोरी.

"खून काय लिवू?" मी विचारलं. सगळी दारं एकाच तपकिरी रंगाची, सगळ्यांवर सारख्याच छापाचा आकडा. "बंद लिफ्ट?"

"लिफ्ट सगल्यांचीच बंद हाय. दुसरं काय बगितलंस?"

आठवून पाहिलं. खिडकीच्या जाळीत रंगाच्या डब्यात ओवा लावला होता. (ओवा नव्हता, तुम्ही समजलात.)

"मग लिव."

ओ. – तां ५, डाल १, तेल १. परत रयवारी. शेवटच्या रकान्यात आंटीची डावीकडे झुकलेली टिचकी आजीने फोनवर विचारून तिच्या वतीने मारली, आणि पेन माझ्याकडे दिलं.